वाईच सरा

मरियम म्हणाली, मराठीतही हवं.
अकरा भाषा झाल्या, ही बारावी.
सजाच्या कॅम्पांत तुमची माणसं आहेत ना,
त्यांना कळू दे की फेब्रुवारीत
शारजाच्या खाडीकाठी, जुन्या बर्फाच्या कारखान्यात
चार रात्री खेळ होणार आहेत
आणि खेळ कोणाचेही चालतील.

मी हिशेबनीस. जमा आणि नावे यांच्या मधली बाई.
तरी बसले ऑगस्टच्या दुपारी,
बाहेर सत्तेचाळीस, आत एसी बादलीत ठिबकतोय,
आणि पहिल्याच शब्दाला अडले.

सर्वसमावेशक.
लिहिला आणि बघत राहिले.
एवढा लांब, सुरुवातीलाच जोडाक्षराचा उंबरठा,
यात व्हीलचेअर चढवायची कुठून?
तालुक्याच्या कचेरीतल्या फळ्यावरचा वाटतो,
ज्याच्याखाली लोक उभेच असतात.

खोडला.
आमच्या गुहागरच्या बाजूला नमन उभं राहायचं,
पेट्रोमॅक्स सूं सूं करत,
आणि उशिरा आलेल्याला कोणी म्हणत नसे
आपला समावेश करण्यात येत आहे.
म्हणत, वाईच सरा गो.
आणि सगळी चटई वीतभर सरायची,
म्हातारे, पोरं, मांडीवर झोपलेलं बाळसुद्धा.
नव्हती ती जागा व्हायची.

म्हणून लिहिलं:
कलावंतहो, आम्ही वाईच सरलोय. या.

नवं आणा. नवं म्हणजे महाग नव्हे.
रंगमंचाला पायऱ्या नाहीत, होत्या त्या फोडल्या.
विटा दारात पडल्यात, लागल्या तर न्या.
हातांनी बोलत असाल तर दिवे हातांवर टाकू.
अंधारच हवा असेल तर तो मुबलक आहे,
कारखान्याला खिडकी नाही.
शब्द अडला तर घंटा वाजवून थांबवणार नाही,
अडू दे.
परतीची बस साडेबाराला, कॅम्पाच्या फाटकापर्यंत.

ही शेवटची ओळ मसुद्यात नव्हती. मी घातली.
मरियमने विचारलं, हे काय?
सांगितलं. गप्प झाली.
मग म्हणाली, बाराही भाषांत घाल.

पहिला अर्ज हिस्सा नावाच्या मुलीचा, नुसतं चित्र:
एक उपडं गलबत,
चहूबाजूंनी त्याला टेकलेले तळहात,
आत एकजण हातोडी घेऊन.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही.
कोपऱ्यात बाण काढून लिहिलंय,
आजोबांचं काम मी असं ऐकायचे.

आणि शुक्रवारी दामोदर पालशेतकर आले,
कडक इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात.
पत्र्याच्या प्रेसखाली दोन बोटं गेली,
एकोणीस वर्षं झाली.
मृदंग गावाला, खुंटीवर.
इथे पाण्याच्या निळ्या पिंपावर वाजवतात,
खोलीतले बाकीचे ड्युटीवर असले तर.

बाई, म्हणाले, ताल भरतो.
फक्त दोन ठिकाणी हात पडतो नि आवाज येत नाय.
चालेल काय तसं?

माझ्याच टेबलावर वाजवून दाखवलं.
स्टेपलर हलत होता, पावत्या सरकत होत्या.
मी त्या दोन जागा चुकवत ऐकत होते आधी.
तिसऱ्या आवर्तनानंतर
त्यांचीच वाट बघायला लागले.

फॉर्म मीच भरला, ते सांगतील तसा.
नाव. मोबाईल.
कालावधी: पहाटेपर्यंत चालतो, पण तुम्ही म्हणाल तवर.
गरजा: पिंप. निळाच.
शेवटचा चौकोन, तुमच्या कामात नवीन काय?

बराच वेळ ते बादलीत पडणारं पाणी बघत राहिले.
मग खिशातून हात काढून टेबलावर ठेवला.
लिवा, म्हणाले,
आधी धा होती.